झाडांच्या शेंड्यापर्यंत व्हीलचेअर कशी जाते?

आमची आत्या गोव्यात, सत्तरी तालुक्यात राहते. काही वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. घरात ती भिंत धरून चालते, पण उंबऱ्याबाहेर पडायचं तर व्हीलचेअर लागते. २०२५ च्या मार्चअखेर मुंबईत मलबार हिलवर दाट झाडीतून जाणारी, जमिनीपासून उचललेली वाट लोकांसाठी खुली झाली. त्या अर्ध्या किलोमीटरच्या वाटेचा व्हिडिओ नातीने आत्याला दाखवला आणि लगेच मला फोन आला. "पुता, असलं काही आपल्या रानात होईल काय? आणि झालं तर माझी खुर्ची जाईल काय त्याच्यावरून?"

मी बांधकामाचे नकाशे काढतो, म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात. पण तिचा प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. गुडघे दुखणारे आजोबा, बाबागाडीतलं बाळ घेऊन निघालेली आई, पांढरी काठी घेतलेला तरुण, गर्दीच्या आवाजाने बावरणारं स्वमग्न मूल, या सगळ्यांचा तो प्रश्न आहे. म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, पुढचं सगळं त्याचं स्पष्टीकरण आहे: ज्या आराखड्यात आत्याची खुर्ची जाते, तोच आराखडा झाडांच्या मुळांनाही मानवतो. दोघांची मागणी एकच असते. हळू चढणारी, अरुंद, आणि जमीन न तुडवणारी वाट.

रानालाही मजले असतात

चवथीला आपण गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतो. कांगलां, माट्टुळां, बेडे, तोरिंगां... रानातून आणि कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, आणलेली फळं-पानं वर टांगलेली, आणि आपण मान वर करून बघतो. रानाचं नेमकं तसंच आहे. त्याची खरी माटोळी वर असते. माट (म्हणजे ऐन), किंदळ, सातवीण यांचे शेंडे एकमेकांना भिडून जो मांडव तयार होतो, त्याला वृक्षछत्र म्हणतात. ऊन तिथे पडतं, म्हणून बहुतेक फुलं-फळं तिथे लागतात, आणि खाणारेही तिथेच राहतात. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो. धनेश वडा-पिंपळाच्या कुळातल्या झाडांची फळं वरच्या वर वेचतो आणि जुन्या खोडाच्या ढोलीत घर करतो. पश्चिम घाटात धनेशाच्या चार जाती आहेत आणि चारही गोव्यात दिसतात. तरी आपल्यापैकी कित्येकांनी धनेश पाहिला असेल तो फक्त उडत जाणारी काळी आकृती म्हणून, कारण आपण सदैव तळमजल्यावर.

या वरच्या मजल्यातून जाणाऱ्या वाटेला सरकारी कागदांत 'उन्नत मार्ग' म्हणतात. मी नुसतं 'उंच वाट' म्हणतो. दुसरा शब्द 'सुगम्य'. जिथे कुणालाही, शक्यतो दुसऱ्याच्या मदतीशिवाय, जाता येतं, वापरता येतं आणि परत येता येतं ती जागा सुगम्य. एवढे दोन शब्द पुरेत.

उंच वाट आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. काणकोणच्या खोतीगाव अभयारण्यात उंच झाडावर मचाण आहे, आणि ज्यांनी तिथून पाणवठा पाहिला ते त्याची आठवण वर्षानुवर्षं सांगतात. पण मचाणाला शिडी असते. शिडी कुणाला वर घ्यायचं ते ठरवून टाकते.

पायवाट दिसते तेवढी गरीब नसते

"मग जमिनीवरूनच साधी पायवाट करा की, लोखंड कशाला?" हा पहिला आक्षेप, आणि मनापासून घेतलेला. त्याचं उत्तर आपल्या अंगणातच आहे. पाऊस सरला की जुन्या घरांत अंगण करायचे. माती पसरायची, पाणी शिंपडायचं आणि पेटण्याने, म्हणजे लाकडी बडवण्याने, चोप चोप चोपायचं. वरून शेणाचं सारवण. मग त्या अंगणात गवताचं पातं उगवत नाही, पाणी मुरत नाही, मुंगीसुद्धा सहज भोक पाडू शकत नाही. आपल्याला तेच हवं असतं.

रानात हजारो पावलं हेच पेटण्याचं काम करतात. मोठ्या झाडाची पाणी ओढणारी बारीक मुळं खोल नसतात, बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच पसरलेली असतात. माती चोपली गेली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात. मुळांना हवा मिळत नाही, पाणी वरून वाहून जातं. झाड एका दिवसात मरत नाही. पाच, दहा, पंधरा वर्षं ते हळूहळू खंगतं, आणि पडतं तेव्हा लोक वाऱ्याला दोष देतात.

पश्चिम ऑस्ट्रेलियात वॉलपोल गावाजवळ टिंगल नावाच्या महाकाय झाडांचं रान आहे. तिथल्या एका पोकळ बुंध्याच्या झाडात लोक चक्क गाडी उभी करून फोटो काढायचे. पिढ्यान् पिढ्या पावलांनी आणि चाकांनी तिथली माती चोपली गेली. १९९० मध्ये ते झाड कोसळलं. त्यानंतर तिथल्या लोकांनी केलं ते उलटं वाटेल: येणाऱ्यांना बंदी न घालता त्यांना वर उचललं. १९९६ मध्ये ६०० मीटर लांबीची, सगळ्यात उंच ठिकाणी जमिनीपासून ४० मीटर असलेली पोलादी वाट खुली झाली. खांब मोजकेच, मध्ये लांब लांब अंतर. आणि ती पहिल्या दिवसापासून व्हीलचेअरसाठी आहे.

आपल्याकडे तर याहून नाजूक जागा आहेत. सत्तरीत बांबरजवळ निरंकाराची राय, म्हणजे देवराई, आहे. तिथे जायफळाच्या कुळातली झाडं दलदलीत उभी असतात आणि श्वासासाठी गुडघ्यासारखी वाकलेली मुळं चिखलाबाहेर काढतात. अशा मुळावर एक बूट पडणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या नाकावर पाय ठेवणं. अशा रायीत तर उंच वाटही नको. तिला लांबूनच हात जोडावेत.

बारा पावलं पुढे, एक पाऊल वर

आता आत्याच्या खुर्चीकडे येतो. एका हिवाळ्यात आम्ही तिला एका उद्यानात नेलं. फाटकावर व्हीलचेअरचं निळं चित्र होतं, म्हणून निर्धास्त होतो. आत गेल्यावर पक्षी पाहायचा चबुतरा आला. चबुतऱ्याची उंची गुडघ्याच्या वर, सुमारे ६० सेंटिमीटर, आणि त्याला जोडलेला उतार मोजून ३ मीटरचा. दोघांनी मागून रेटलं, तिसऱ्याने पुढून ओढलं. खुर्ची वर गेली. उतरताना आत्याने डाव्या हाताने चाक असं काही आवळून धरलं की तळहाताचं साल निघालं. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "मला पक्षी बघायचे होते रे. मला उचललेलं लोकांनी बघायचं नव्हतं."

त्या उताराचा हिशेब करा. ३ मीटर जाताना ६० सेंटिमीटर चढ, म्हणजे पाच पावलांना एक पाऊल. माणूस आणि खुर्ची मिळून ८० किलो धरले तर ढकलणाऱ्याला सतत सुमारे १६ किलोचा रेटा द्यावा लागतो. हाच चढ बारा पावलांना एक पाऊल केला तर रेटा साडेसहा किलोच्या आसपास येतो. वीस पावलांना एक केला तर ४ किलो, आणि मग दोन्ही हात धड असलेला माणूस स्वतः चाकं फिरवत जातो, कुणाला हाक मारत नाही. आपल्या देशातल्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूत्रांत बाराला एक हा जास्तीत जास्त चढ आहे, आणि त्यातही मध्ये मध्ये दम घ्यायला सपाट टप्पे लागतात. बाराला एक ही मर्यादा आहे, ध्येय नाही. रानात, जिथे माणूस तासभर फिरणार, तिथे मी वीसला एकच धरतो.

पण मग गणित अवघड होतं. झाडाच्या मधल्या फांद्यांपर्यंत, समजा १० मीटर उंच जायचं तर वीसला एकने २०० मीटर नुसता चढ झाला. सपाट जमिनीवर हे करायला गेलात तर रानाच्या मधोमध सिमेंटची नागमोडी भिंत उभी राहील आणि तिच्यासाठीच पन्नास झाडं जातील.

इथे खरी युक्ती आहे, आणि ती आपल्या भूगोलात फुकट मिळते. वाट वर चढवायचीच नाही. डोंगराच्या खांद्यावरून सुरू करायची आणि जवळजवळ सपाट पुढे न्यायची. वाट आहे तिथेच राहते, जमीन आपोआप खाली उतरते. पन्नास पावलं गेलात की पायाखाली किंदळाच्या मधल्या फांद्या, शंभर पावलांवर शेंडे. माणूस एक पाऊलही चढलेला नसतो. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या कर्स्टनबॉश वनस्पती उद्यानात २०१४ साली बांधलेली १३० मीटरची वाट अशीच जमिनीच्या उताराचा फायदा घेते आणि सुमारे १२ मीटर उंचीवर पोचते. तिथले लोक तिला बूमस्लँग म्हणतात, म्हणजे झाडावरचा साप. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण, कुठेही सह्याद्रीच्या पायथ्याला असे उतार पावलोपावली आहेत.

म्हणून सुगम्य वनउद्यानाचं पहिलं चित्र फाटकाचं, उपाहारगृहाचं नसतं. ते समोच्च रेषांच्या नकाशावर, म्हणजे जमिनीची उंची दाखवणाऱ्या वळणदार रेषांवर, पेन्सिलीने काढलेली एक ओळ असतं. ती ओळ चुकली तर पुढे कितीही निळी चित्रं लावा, आत्या खालीच राहते. आधी सगळं बांधून मग शेवटी उतार चिकटवायचा, ही आपली सवय मुळापासून सोडली पाहिजे.

खुर्चीत बसून बघा

नकाशा करणाऱ्याने एक दिवस व्हीलचेअरमध्ये बसून घालवावा. मी घालवला आणि दुपारपर्यंत माझे तीन नकाशे बदलले.

पहिली गोष्ट कठड्याची. उंच वाटेला छातीइतका कठडा हवाच. पण खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून एक मीटर आणि वर वीतभर असतात, म्हणजे कठड्याची वरची जाड आडवी पट्टी बरोबर डोळ्यांसमोर येते. सगळे 'तो बघ शेकरू' म्हणून ओरडतात आणि हिला दिसतो रंग लावलेला पाइप. उपाय साधा आहे. वरची पट्टी बारीक ठेवायची, खाली उभे पातळ गज किंवा बारीक जाळी, आणि थोड्या थोड्या अंतरावर एक चौकट अशी की जिथे बसल्या नजरेला काहीच आडवं येत नाही. पाच वर्षांच्या मुलाची उंचीही साधारण तीच, म्हणजे चौकट एक आणि खूश होणारे दोघे. हात धरायचा दांडा मात्र दोन उंचींवर लागतो, एक उभ्या माणसासाठी आणि एक खुर्चीतल्यासाठी.

दुसरी गोष्ट पायाखालची. जाळीदार पोलादी तळ रानाला चांगला, कारण ऊन आणि पाऊस खालच्या रोपट्यांपर्यंत पोचतो. पण जाळीची भोकं मोठी असतील तर खुर्चीची पुढची लहान चाकं आणि काठीचं टोक त्यात अडकतं. म्हणून फट बोटभर रुंदीहून कमी, आणि फळ्या असतील तर त्यांच्यातली फट चालण्याच्या दिशेला आडवी. रुंदी १८० सेंटिमीटर असली की दोन खुर्च्या एकमेकींना पार करतात. खुर्ची जागच्या जागी वळवायला दीड मीटर मोकळी जागा लागते, ती बेतून ठरावीक ठिकाणी द्यावी. प्रत्येक ३० मीटरवर बाकडं, आणि बाकड्याच्या बाजूला खुर्चीएवढी रिकामी जागा. ही जागा मी मुद्दाम सांगतो. नाहीतर सगळं कुटुंब बाकड्यावर आणि आत्या वाटेच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्यांना 'माफ करा' म्हणत.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कठड्यावरच ब्रेल पट्ट्या आणि माटाच्या मगरीच्या पाठीसारख्या सालीचा खरा तुकडा हाताशी लावता येतो. माट आपल्या राज्याचा वृक्ष, तो बोटांनी ओळखता यावा. ऐकू न येणाऱ्यांसाठी संकटाची सूचना नुसत्या भोंग्याने देऊन चालत नाही, दिवाही लागतो. आणि सकाळचा एखादा तास शांततेचा ठेवावा, त्या वेळात थोडीच माणसं सोडावीत. स्वमग्न मुलांना तो तास हवा असतो, पक्ष्यांनाही.

झाडालाच का बांधू नये?

घाना देशात काकुम राष्ट्रीय उद्यानात १९९५ पासून मोठ्या झाडांना बांधलेली दोरांची झुलती वाट आहे, सुमारे ३५० मीटर. स्वस्त, हलकी, खांबांचा त्रास नाही. मग आपण तसं का करू नये? दोन कारणं. झुलत्या पुलावर व्हीलचेअर जात नाही, आणि ज्याचा तोल आधीच डळमळीत आहे तोही जात नाही.

दुसरं कारण प्रत्येक घराच्या परसात दिसतं. कपडे वाळत घालायची तार आंब्याला बांधली की काही वर्षांनी ती सालीच्या आत गेलेली असते. झाड जाड होत जातं, तार सैल होत नाही. रस वाहून नेणारा थर सालीखालीच असतो, तोच आवळला जातो. वर आणि वादळात झाड हलतं ते वेगळंच. म्हणून सुगम्य वाटेला स्वतःचे खांब हवेत. खांबांचे खड्डे यंत्राने ओरबाडायचे नाहीत, हाताने खणायचे, आणि मनगटाएवढं मूळ लागलं तर मूळ न तोडता खांब सरकवायचा. हे कंत्राटातच लिहावं लागतं, कारण नंतर कुणी ऐकत नाही. लाकूड आपल्याकडे वाळवी आणि बुरशी टिकू देत नाहीत, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत साधं लोखंडही चार पावसांत गंजतं. जस्ताचा जाड मुलामा दिलेलं पोलाद, नटबोल्टांनी जोडलेलं, म्हणजे उद्या एक भाग बदलायचा झाला तर रानात वेल्डिंगच्या ठिणग्या उडवाव्या लागत नाहीत.

मुलांना पाट द्या

वनउद्यानाचा दुसरा अर्धा भाग मुलांचा. बहुतेक ठिकाणी तो प्लास्टिकच्या घसरगुंडीने उरकतात. घसरगुंडीवर मूल एकच गोष्ट करू शकतं, ती म्हणजे घसरणं. दहाव्या वेळी कंटाळतं. निसर्गखेळ याच्या उलट. ओंडके, वाळू, पाणी, दगड, चिखल, शेंगा-बिया. काय करायचं ते मूल ठरवतं.

ज्याचं लहानपण कुळागरात गेलं त्याला हे शिकवावं लागत नाही. पोफळींना पाणी सोडलं की आम्ही पाटात उतरायचो. एक ढेकूळ ठेवलं की पाणी डावीकडे, काढलं की उजवीकडे. मोठी बहीण वर बांध घालायची, मी खाली कोरड्या पाटात बसून ओरडायचो. पोफळीच्या वाळलेल्या झावळीच्या रुंद देठावर एकाने बसायचं, दुसऱ्याने ओढायचं. पाणी उताराकडे का जातं, चिखल किती पाण्याने घट्ट होतो, ओझं ओढायला दोघं का लागतात, हे सगळं शाळेच्या आधीच कळलं.

हाच पाट उद्यानात करता येतो, आणि सुगम्य करायला फार काही लागत नाही. पाण्याचा एक फाटा जमिनीवरून, आणि दुसरा टेबलाएवढ्या उंचीच्या दगडी पन्हळीतून, जिच्याखाली व्हीलचेअरमधल्या मुलाचे गुडघे सरळ जातील. दोन्ही फाटे शेवटी एकाच डबक्यात. वरच्या मुलाने बांध घातला की खालच्याचं पाणी अडतं, म्हणजे ती एकमेकांशी खेळतात, शेजारी शेजारी नव्हे. माझ्या मते हा सगळ्या आराखड्यातला सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. 'दिव्यांगांचा कोपरा' वेगळा काढला की त्या मुलाला एकटं खेळायला जागा मिळते, आणि एकटं खेळायला त्याला घरी पुष्कळ जागा असते.

चढायला ओंडके असतील तिथे खाली वाळू किंवा लाकडाचा भुसा लागतो, पण त्यात चाकं रुततात. त्यासाठी मधून घट्ट दाबलेली वाट काढायची, जी चढण्याच्या जागेला अगदी चिकटून जाते. रानातली सगळी जमीन घट्ट करायची गरज नसते, पोचण्याएवढीच.

मूल पडलं तर? साप निघाला तर?

पालकांची ही भीती हसण्यावारी नेऊ नये. पण दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक जोखीम, जी मुलाला दिसते: ओंडका उंच आहे, निसरडा आहे, मी एवढंच जाईन. दुसरा सापळा, जो दिसत नाही: आतून कुजलेली पायरी, बाहेर आलेला खिळा, डोकं अडकेल अशी फट. खेळाची जागा करणाऱ्याने सापळे शून्यावर आणायचे असतात आणि जोखीम शिल्लक ठेवायची असते. युरोपात खेळसाधनांच्या मानकात पडण्याची मोकळी उंची ३ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. लहान मुलांसाठी मी तर कमरेएवढीच ठेवीन.

सापांबद्दल सरळ सांगतो. फुरसं, घोणस, नाग, मण्यार गोव्यात आहेत आणि राहतील. पालापाचोळ्याचे ढीग, दगडांच्या सैल राशी, उंदरांना बोलावणारं सांडलेलं खाणं या गोष्टी खेळाच्या जागेपासून लांब ठेवल्या, कडेने चार-पाच मीटरचा मोकळा पट्टा ठेवला, आणि रोज सकाळी कर्मचाऱ्याने काठी घेऊन फेरी मारली, तर गाठ पडायची शक्यता खूप घटते.

गोचिडीबद्दल मात्र जास्त काळजी वाटते. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले, आणि तो ताप रानातल्या गोचिडीच्या चाव्याने होतो. उन्हाळ्याच्या तोंडाला धोका वाढतो. माकड मेल्याची वार्ता आली की त्या भागातली खेळाची जागा बंद करावीच लागेल, आणि हे आधीपासून नियमात लिहिलेलं हवं. उंच वाटेवर जमिनीच्या पाचोळ्याशी संबंधच येत नाही, हा तिचा आणखी एक फायदा.

पूल कोसळला तर?

२०१७ च्या मे महिन्यात सावर्डे-कुडचडे येथे नदीवरचा पोर्तुगीजकालीन पादचारी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला. तो पूल वापरासाठी बंद होता, तरी बुडणाऱ्याचा शोध पाहायला लोक त्यावर जमले होते. २०२२ मध्ये गुजरातेत मोरबीचा झुलता पूल तुटला आणि शंभराहून अधिक माणसं गेली. असल्या आठवणी असताना 'काही होत नाही हो' म्हणणं बेजबाबदारपणाचं.

अभियंते गर्दीसाठी दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भार धरतात, म्हणजे खांद्याला खांदा लावून उभी माणसं. पण वजनापेक्षा फसवी गोष्ट ताल. झोपाळ्याला योग्य वेळी हलकासा धक्का देत राहिलं तर तो किती उंच जातो! पुलाचाही स्वतःचा ताल असतो. लंडनचा नवा पादचारी पूल २००० साली उघडल्यावर लोकांच्या पावलांच्या तालाने इतका डोलायला लागला की दोन दिवसांत बंद करून त्याला डोलणं शोषणारी यंत्रं बसवावी लागली. म्हणून वाट ताठ हवी, आणि एका वेळी किती माणसं आत जातील हे मोजून सोडणारं फाटक हवं. मलबार हिलला आधी वेळ नोंदवून जावं लागतं. लोक कुरकुरतात, पण ती पद्धत बरोबर आहे.

रान आहे तसंच राहू द्या ना

हे म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. २०२० मध्ये मोलेच्या रानासाठी गोव्यातली तरुण मुलं रस्त्यावर आली, त्यांच्यामुळे आज अनेकांना आपल्या राखीव रानांची नावं तोंडपाठ आहेत. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर, ही अभयारण्यं आधी गव्यांची, अस्वलांची, वाघांची आहेत. तिथे गाभ्यात असली वाट मी सुचवणार नाही.

पण गोव्यात दुसऱ्या जागा आहेत. डिचोली, सत्तरी, सांगे तालुक्यांत खाणींच्या मातीचे डोंगर आहेत, त्यांवर अकेशियाची एकसुरी लागवड झालेली आहे. गावांना लागून अर्धवट सोडलेल्या काजूच्या बागा आहेत. तिथे उतार आहे, रस्ता आहे, वीज आहे, आणि दुखावण्यासारखं जुनं रान नाही. अशा जागी माट, किंदळ, भिरंड, जांभूळ लावत लावत वाट करता येते. खाणमातीच्या डोंगरावर मात्र आधी माती स्थिर आहे का ते तपासायलाच हवं. सुरुवातीची दहा वर्षं शेंडे कमी उंच असतील. आत्याला त्याचं वाईट वाटणार नाही, तिने कलमं लावून आंब्यासाठी सात वर्षं वाट पाहिलेली आहे. आणि रात्री दिवे नकोत. ज्येष्ठात काजवे येतात त्यांना आणि निशाचरांना काळोख लागतो. काचेचा तळ, झिपलाइन, संगीत यांची मागणी येईलच. ती नाकारायची धमक असेल तरच काम हाती घ्यावं.

असे लोक येतात तरी किती?

हा प्रश्न मी सभेत ऐकला आहे. येत नाहीत हे खरं, कारण येताच येत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्याच जनगणनेत गोव्यात साठीपुढच्यांचं प्रमाण सुमारे ११ टक्के होतं, देशात केरळच्या खालोखाल. पणजीत २०२३ पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो, तिथली गर्दी एकदा बघून यावी. कायदाही आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सुगम्यता सक्तीची मानतो, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेत सांगितलं की हे मानदंड नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, बंधनकारक हवेत.

पावसाचे चार महिने

गोव्याच्या किनाऱ्यावरच वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, घाटाकडे त्याहून जास्त. रान सर्वांत सुंदर दिसतं ते तेव्हाच: धुकं शेंड्यांतून सरकतं, बांडगुळांवर, फांद्यांवरच्या अमरीच्या (ऑर्किडच्या) फुलांवर पाणी थेंबथेंब लोंबतं. वाट तेव्हाही उघडी असावी, पण विजा आणि जोराचा वारा असेल त्या दिवशी सरळ बंद.

खरा शत्रू शेवाळ. जांभ्या दगडाच्या पायरीवर दोन आठवड्यांत हिरवा थर येतो आणि चाक जागच्या जागी फिरतं. म्हणून तळ खरखरीत हवा, आणि आषाढ-श्रावणात आठवड्यातून एकदा कुंच्याने तो घासायला माणसं हवीत, त्याच गावातली, कायम पगारावर. पोलादाचा खर्च सगळे मोजतात, या कुंच्याचा कुणी मोजत नाही.

पावसानंतर, ऑक्टोबरात, प्रत्येक बोल्ट, प्रत्येक वेल्ड, वाटेवर झुकलेली प्रत्येक वाळकी फांदी तपासायची. आणि फाटकावर, त्या निळ्या चित्राच्या शेजारी, मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी लिहायच्या: शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, पुढची कधी आहे, आणि ती करणाऱ्याचं पद काय.